ओठाला लावलेला गूळ

मिरजेच्या त्रिकोट लीगमध्ये गुळाचा मान चषकापेक्षा मोठा होता.

त्रिकोट हा तिघांचा खेळ. सहा कोनांचा पट, तीन किल्ले, मधून एक नदी. तिघांपैकी दोघे एक झाल्याशिवाय तिसऱ्याच्या पहारा असलेल्या किल्ल्याचं काही वाकडं होत नाही, त्यामुळे तह आलाच. आणि तह आला की तो मोडण्याची सोयही आलीच. बाकी ठिकाणचे खेळाडू तह करताना पडद्यावरचं बटण दाबून मोकळे होत. मिरजेत मात्र पटाशेजारी बशीत गुळाचे खडे ठेवलेले असत. तह करायचा तर खडा फोडायचा आणि अर्धा-अर्धा खायचा. लीगच्या पुस्तिकेत हे रीतसर छापलेलं होतं: दोघांनी गूळ खाल्ला की तह झाला. सोंगट्याही इथल्याच, तंबोऱ्याच्या खुंट्या करणाऱ्या कारागिरांकडून उरल्यासुरल्या लाकडातून घडवून घेतलेल्या. बाहेरगावचे खेळाडू गालात हसायचे आणि जाताना गुळाचा खडा खिशात टाकायचे.

ही दोन्ही खुळं क्लब काढणाऱ्या दोघींच्या डोक्यातली. तृप्ती शिंत्रे पॅथॉलॉजी लॅब चालवायची आणि गौतमी कुंभोजे मिरची कांडपाचं यंत्र. एकीच्या अंगाला स्पिरिटचा वास, दुसरीच्या अंगाला मिरचीचा. शाळेत एका बाकावर बसलेल्या, लग्नं होऊन गावातच राहिलेल्या, आणि पन्नाशी जवळ आली तरी एकमेकींना ‘तृप्ते’ आणि ‘गौतमे’ अशाच हाका मारणाऱ्या. क्लबच्या लीगमध्ये पहिली नेहमी तृप्ती यायची आणि दुसरी नेहमी गौतमी. याची इतकी सवय झाली होती की बक्षीस देणारे पाहुणे दोघींची नावं एका दमात घ्यायचे.

त्या रविवारी अंतिम डावात या दोघी आणि इचलकरंजीची रिदा मुजावर अशा तिघी पटाला बसल्या. जिंकणारीला राज्य लीगसाठी नाशिकला जायचं होतं. रिदा वयाने दोघींच्या निम्मी आणि खेळाने दोघींना भारी. तेव्हा या दोघींचा तह होणार हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. गौतमीने गुळाचा खडा फोडला, अर्धा तृप्तीच्या हातावर ठेवला, उरलेला स्वतःच्या ओठाला लावला आणि रुमालात गुंडाळून कमरेला खोचला.

गौतमीला साखरेचा आजार होता. तो सापडला तृप्तीच्याच लॅबमध्ये. अहवाल हातात घेऊन आधी तृप्तीच रडली होती. नंतर क्लबच्या बैठकीत तिने हट्टाने ठरवून घेतलं की गौतमीने गूळ नुसता ओठाला लावला तरी तह झाला म्हणायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुस्तिकेत ते कुणी छापलं नाही. घरच्या माणसाला दिलेली सवलत कोण छापत बसतं?

तह झाल्यावर तृप्तीने नेहमीप्रमाणे आपल्या किल्ल्यामागच्या खिंडीतला पहारा उचलला आणि रिदाच्या अंगावर नेला. गौतमीशी तह असला की ती खिंड उघडीच टाकायची. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. रिदाचा किल्ला आता पडणार, एवढ्यात गौतमीचा स्वार वळला, नदी ओलांडून आला आणि खिंडीच्या तोंडाशी उभा राहिला.

“अगं, सोंगटी चुकली तुझी,” तृप्ती हसत म्हणाली.

गौतमीने स्वार खिंडीत घातला. पुढच्या दोन चालींत तृप्तीचा किल्ला पडला आणि डाव गौतमीचा झाला. टाळ्या वाजल्या, पण कुणाच्या मयताला चुकून वाजाव्यात तशा. गौतमी स्वतःच्या हाताकडे पाहत बसली होती. आणि तृप्तीने, क्लबच्या आयुष्यात पहिल्यांदाच, पंचांकडे पाहत हात वर केला.

“सर, मला हरकत घ्यायची आहे.”

* * *

हरकत कशाची, हे समजायचं तर टिकलीबद्दल सांगायला हवं.

भूलभुलैयातला उंदीर दोन वाटा फुटतात तिथे थबकतो. त्याचे पाय थबकलेले असतात, मेंदू नव्हे. डाव्या वाटेने जाताना मेंदूतल्या ज्या पेशी एकामागून एक पेटतात, त्याच पेशी त्याच क्रमाने, पण झरझर, पाऊल उचलण्याआधीच पेटून जातात. म्हणजे उंदीर वाट आधी मनात चालून बघतो आणि मग पायाने चालतो. शास्त्रज्ञांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. माणूसही तेच करतो, मग वाट बाजाराची असो की पटावरची. नवीन होती ती फक्त नखाएवढी चकती. कानामागच्या हाडावर चिकटवली की मेंदूतल्या त्या पेटण्याची पुसट चाहूल ती टिपायची, आणि एखाद्या माणसाचे पुरेसे डाव पाहून झाले की कुठल्या पेटण्यामागे पटावरची कुठली वाट आहे हे ओळखायला शिकायची. ट्रक पाठवणाऱ्या कंपन्यांनी ती चालकांच्या कानामागे लावली होती. माल घेऊन निघालेला माणूस मनातल्या मनात घराकडे वळला की मालकाला कळायचं. बायकांनी या चकतीला टिकली हे नाव दिलं आणि तेच सगळीकडे चाललं.

टिकलीला शब्द कळत नव्हते, राग-लोभ कळत नव्हते. तिला वाट तेवढी कळायची. त्रिकोटच्या राज्य महासंघाला तेवढं पुरेसं होतं. तह मोडणं हा डावाचा भाग, पण मोडायचा म्हणूनच तह करणं हा गुन्हा, असा नियम या खेळात पहिल्यापासून होता आणि पहिल्यापासून तो शोभेचाच होता. शपथ घेणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोण सांगणार? आता टिकली सांगू लागली. गेली दोन वर्षं प्रत्येक खेळाडू टिकली लावून बसत होता. मात्र हरकत आल्याशिवाय ती उघडायची नाही, म्हणजे तिच्यातली नोंद पाहायची नाही, असा दंडक होता. आणि एका तहाबद्दल मत द्यायचं तर टिकलीला त्या माणसाचे आधीचे तहही शेजारी ठेवून पाहावे लागत. रक्ताचा एक आकडा नुसता वाचून भागत नाही, आधीचे आकडे लागतात, तसंच. तृप्तीला हे नीट समजत होतं. तिचा धंदाच तो होता.

* * *

सोमवारी दुपारी गौतमी लॅबमध्ये आली. पेशंट नव्हते. ती रक्त काढायच्या खुर्चीत बसली आणि सवयीने बाही वर करायला गेली.

“आज तपासणी नाही तुझी,” तृप्ती म्हणाली.

“तपासणीच लावलीयस की माझी.” गौतमीने बाही खाली ओढली. “तृप्ते, हरकत मागं घे. चषक तूच ने. नाशिकला पण तूच जा. मी सरांना सांगते, मला घरचं आवरत न्हाई म्हणून. पण ती टिकली उघडू नगंस.”

“मला चषक नकोय.”

“मग काय पाहिजे?”

तृप्तीला काय हवं होतं ते तिला नेमकं माहीत होतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटली नाही. “रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तह मोडलास त्याचं काही नाही, खेळच आहे. पण गूळ फोडताना तू खरी होतीस की नाही, एवढंच मला बघायचंय. मला खात्री आहे, खरीच असशील. मग खिंड उघडी दिसली आणि मोह झाला. ते मी पचवेन, गौतमे.”

“मग इचार की मला. मी बसलीय समोर.”

“विचारते. काय होतं मनात?”

गौतमीने टेबलावरचा कापूस उचलून चिमटीत चुरगळला. “मी सांगितलं तर पटणाराय तुला?”

तृप्तीने खोटं उत्तर दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती. “अहवाल बघितल्याशिवाय मी कुणालाच काही सांगत नाही. तुला ठाऊक आहे.”

“आणि अहवालात दुसरंच काय निघालं तर?”

“का निघेल?”

गौतमी उठली. दाराशी जाऊन ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पण मिरचीत वावरणाऱ्या बाईचे डोळे तसेही लालच असतात. “हात जोडते तुला,” ती म्हणाली आणि तिने खरोखरच हात जोडले. तृप्तीला त्या जोडलेल्या हातांचा रागच आला. निर्दोष माणूस तपासणीला कशाला घाबरेल, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथेच घर करून बसलं.

* * *

सुनावणी पुढच्या रविवारी क्लबच्या हॉलमध्ये झाली. पंच मगदूम सर. आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस, दोन बिंदूंतून एकच रेषा जाते यावर अजूनही विश्वास असलेला. महासंघाकडून ओजस नावाचा तरुण इंजिनिअर टिकलीचं यंत्र घेऊन आला होता. लोक खुर्च्या संपल्यावर भिंतीला टेकून उभे होते.

सरांनी हरकत वाचून दाखवली आणि गौतमीला बोलायला सांगितलं.

“सर, टिकली उघडायचा प्रश्नच येत न्हाई,” गौतमी म्हणाली. तिचा आवाज वेगळाच लागला होता, कचेरीत अर्ज द्यायला आलेल्या माणसासारखा. “तह झालाच न्हाई. पुस्तिकेत छापलंय, दोघांनी गूळ खाल्ला पाहिजे. मी खाल्ला न्हाई. हा बघा.”

तिने कमरेचा रुमाल काढून टेबलावर उघडला. आठवड्यात गूळ पाझरून कापडाला चिकटला होता.

हॉलमध्ये गलका झाला. तृप्ती ताडकन उठून उभी राहिली. गौतमीने भर हॉलमध्ये तिच्या थोबाडीत मारली असती तरी ते परवडलं असतं. त्या सवलतीसाठी ती भांडली होती. आजारी मैत्रिणीला सगळ्यांपुढे ओशाळं वाटू नये म्हणून तिने बैठकीत विषयही हळूच काढला होता. तीच माया आज वकिली मुद्दा होऊन तिच्या अंगावर आली होती. किल्ला पडला तेव्हा ती दुखावली होती. आता मात्र ती आतून तुटली.

मगदूम सरांनी चष्मा काढून पुसला. “गौतमीताई, ओठाला गूळ लावून तुम्ही आजवर किती तह केलेत. समोरच्यांनी ते पाळले. तुमच्या किल्ल्यावर कुणी आलं नाही. तेव्हा तुम्ही म्हणाला नाहीत, की हा तह झाला नाही, या माझ्या अंगावर. सवलतीचा फायदा घेतला तर तिचं बंधनही घ्यावं लागतं. तह झाला होता.” त्यांनी रुमालाची घडी करून तो तिच्याकडे सरकवला. “टिकली उघडा.”

गौतमी खाली बसली. तिने एकदाच तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने नजर फिरवली.

पडद्यावर पट उमटला. ओजसने त्या अंतिम डावाचा तहाचा क्षण आणला. गौतमीच्या हातात गूळ फुटत होता, आणि पटावर एक लाल रेघ धावत होती: तिच्या किल्ल्यापासून नदीपर्यंत, नदीवरून खिंडीत, खिंडीतून तृप्तीच्या किल्ल्यात. रेघ शेवटाला पोचली, विझली आणि पुन्हा पहिल्यापासून धावली. पहारा अजून खिंडीतच उभा होता त्या वेळी. तो उचलला जाणार हे गौतमीने धरूनच ठेवलं होतं.

“वाट शेवटपर्यंत चालून झाली आहे,” ओजस म्हणाला. “याला आम्ही इरादा म्हणतो. आता तुलनेसाठी आधीचे तह दाखवतो.”

गेल्या संक्रांतीच्या स्पर्धेतला तह आला. लाल रेघ नदी ओलांडून खिंडीतून किल्ल्यात गेली. त्याआधीचा आला, तीच रेघ. सांगलीतला, कोल्हापुरातला, पावसाने वीज गेली होती त्या दिवशीचा. ओजस एकामागून एक डाव उलटत गेला आणि प्रत्येक पटावर, गूळ फुटताक्षणी, गौतमी तृप्तीच्या किल्ल्यात शिरत होती.

“कधीपासून?” तृप्तीने विचारलं. फसलेलं माणूस दुसरं काय विचारतं? आजवर या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसायचं आणि त्यातच माणसाची थोडी सुटका असायची.

“टिकली आली तेव्हापासूनचंच सांगता येतं, मॅडम,” ओजस म्हणाला. “पहिल्या तहापासून आहे.”

मगदूम सर पडद्याकडे पाहत होते. “पण हे बाकीचे तह तर यांनी पाळलेत.”

“हो, सर.”

“म्हणजे मनात वाट शेवटपर्यंत चालून गेल्या, आणि परत फिरल्या.”

“असतील.”

“ते परत फिरणं दाखवा.”

ओजस जरा गोंधळला. “ते दिसत नाही, सर. जी वाट चालतात तीच पेटते. न जायचं ठरवलं की तिथे काहीच पेटत नाही. आम्हाला फक्त अंधार दिसतो.”

सरांनी हे लिहून घेतलं. पण नियमात अंधाराला जागा नव्हती. प्रश्न एका तहापुरता होता आणि त्याचं उत्तर पडद्यावर लाल रंगात आलं होतं. पद्धत म्हणून ओजसने हरकत घेणारीचीही टिकली उघडली. गौतमीबरोबरचा तृप्तीचा एकेक तह आला आणि गेला. पट कोरा. गौतमीच्या किल्ल्याच्या दिशेने एकही रेघ नाही, एकदाही नाही. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्या हॉलने वाजवली.

चषक तृप्तीला आणि गौतमीला दोन वर्षं बंदी, असा निकाल झाला.

* * *

जिन्यात गौतमी थांबली होती.

“गुळाचं बोलले ते कशासाठी वाटलं तुला?” तिने विचारलं. “चषकासाठी?”

तृप्ती तिला ओलांडून निघाली होती, थांबली. “काही वाटून घ्यायला जागा ठेवलीस?”

“ते उघडू नये म्हणून बोलले. दुसरं काय सुचलं न्हाई. तू खिंड उघडी टाकून बसतीस, तृप्ते. कुणाच्या पण मनात येईल. माझ्या आलं. दर वेळी आलं, आणि दर वेळी मी सोंगटी उचलून दुसरीकडं नेली. त्याला काय लागतं तुला काय ठावं? ते दाखवलं का कुणी पडद्यावर?”

“या वेळी नाही नेलीस.”

“न्हाई नेली. चुकलं. एकदा मला पहिलं यायचं होतं, एकदाच. त्याची काय शिक्षा द्यायची ती दे. पण तू तर माझं मागचं सगळंच चोरीचं करून टाकलंस.”

“मी केलं? मी?” तृप्तीचा आवाज जिन्यात घुमला. “माझ्या टिकलीत काय निघालं ते पाहिलंस ना?”

“पाहिलं की. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय दिसलं सांगू? इतके डाव खेळलो, एकदासुद्धा तुझ्या मनात माझा किल्ला घ्यायचा आलं न्हाई. घ्यायची गरजच न्हाई वाटली. माझ्यापासनं राखावं असं पण काही न्हाई वाटलं. मी आपली तुझ्या मागं उभारलेली, भिंतीसारखी.” तिने रुमालाने नाक पुसलं, गूळ नाकाला लागला असावा. “तू विश्वास म्हणतीस त्याला. असंल.”

ती उतरून गेली. तृप्तीने यातला शब्दही आत घेतला नाही. चोर तो चोर आणि वर शिरजोर, एवढंच तिला वाटलं.

* * *

पुढचे महिने वाईट गेले. पुढचं कळलं की मागचंही बदलतं, हे तृप्तीला पहिल्यांदा समजलं. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी गौतमी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली होती, पिठलं-भाकरी घेऊन. त्या आठवणीत आता तृप्ती तिच्या कानामागे पाहायची. तेव्हा कुठली वाट चालू असेल हिच्या मनात? शाळेच्या बाकापर्यंत ती मागे गेली आणि एकही दिवस जसाच्या तसा राहिला नाही.

एकदा नवरा, निखिल, चप्पल घालत म्हणाला, “अर्ध्या तासात येतो.” तृप्ती त्याच्या कानाकडे बघत राहिली.

“काय आहे? साबण राहिलाय का?”

“काही नाही. ये लवकर.”

क्लबचीही रया गेली. त्या निकालानंतर लोक तह करायलाच घाबरू लागले. मनात आलेलंही मोजलं जातं म्हटल्यावर मनात काही येऊ नये म्हणून जो तो धडपडू लागला. एक वकीलसाहेब गूळ फोडताना डोळे मिटून एकोणतिसाचा पाढा म्हणायचे. वाट पेटू नये म्हणून. पाहणाऱ्यांना हसू यायचं, मग तेही पाढे पाठ करू लागले. रिदा म्हणाली, “काकू, मला तह नको. मी एकटीच खेळते,” आणि एकटी खेळून हरली. बशीतल्या गुळाला मुंग्या लागल्या. तृप्तीने बशी धुऊन कपाटात ठेवली, पण नाशिकला जाताना एक खडा पुडीत बांधून पर्समध्ये टाकला. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

नाशिकच्या तिसऱ्या फेरीत तिच्या पटाला अकोल्याचे तायडे आले. गोल चेहऱ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले. तिसरा खेळाडू पुण्याचा, तिखट. तायडेंनी तहाचा हात पुढे केला तेव्हा तृप्तीने पुडी काढली आणि खडा फोडला.

“हे काय हो ताई?”

“आमच्याकडची पद्धत. तह केला की दोघांनी खायचा.”

तायडे खूश झाले. गूळ तोंडात टाकून चवीने चघळत म्हणाले, “मस्तच आहे राजेहो. आता तुम्ही गूळ खाऊ घातला, मग तुमच्यापासून काय पहारा ठेवाचा?” आणि त्यांनी खिंडीतली सोंगटी उचलून पुढे आणली.

खिंड उघडी पडली.

तृप्तीने आजवर कितीतरी खिंडी उघड्या टाकल्या होत्या, पण आपल्यासमोर कुणीतरी विश्वासाने उघडी टाकलेली खिंड तिने या नजरेने कधी पाहिली नव्हती. तोंडात गूळ अजून विरघळत होता. आणि तिने बोलावलं नसताना तिचा स्वार मनात उठला, नदीत उतरला, खिंडीतून गेला, किल्ल्यात पोचला. पुन्हा उठला. पुन्हा पोचला. कानामागची टिकली गार होती. तिने एकोणतिसाचा पाढा सुरू केला आणि तिसऱ्या ओळीत चुकली.

बोट स्वारावर गेलं होतं. ते उचलून दुसऱ्या सोंगटीवर ठेवायचं, एवढंच काम. त्या एवढ्याशा कामाला तिच्या पाठीला घाम फुटला. इतका जोर लावून तिने आयुष्यात कधी काही करायचं टाळलं नव्हतं. सोंगटी पुणेकराच्या किल्ल्याकडे सरकली. खिंड तशीच राहिली. तायडेंना काही कळलं नाही, पंचांना काही कळलं नाही. टिकलीने मात्र एक लाल रेघ टिपून ठेवली होती, आणि तिच्यापुढे अंधार.

दर वेळी, असं गौतमी म्हणाली होती. दर वेळी मी सोंगटी उचलून दुसरीकडं नेली.

डाव एका किल्ल्याने तायडेंनी जिंकला. ते दोन्ही हातांनी तृप्तीचा हात धरून म्हणाले, “तुमच्यासारखा जोडीदार भेटत नाही, ताई. मनात पाप नाही तुमच्या.” दोन वर्षं तिच्या मागे उभं राहून कुणीतरी हे ओझं एकट्याने पेललं होतं, एकदा हात सुटला, आणि तिने त्या एका वेळेसाठी सगळी वर्षं हॉलमध्ये पडद्यावर टांगली होती. आपण फसवले गेलो, हे अजूनही खरं होतं. त्याच्या शेजारी आता दुसरंही खरं येऊन बसलं होतं आणि ते हलायला तयार नव्हतं.

बाहेर येऊन तिने फोन लावला. खूप वेळ वाजला. उचलला तेव्हा मागे यंत्राची धडधड ऐकू आली आणि एक शिंक.

“गौतमी,” तृप्ती म्हणाली.

पलीकडे धडधडच चालू राहिली. आवाज ओळखला गेला होता. नसता तर इतका वेळ लागला नसता.

“बोला, मॅडम,” गौतमी म्हणाली. “कांडप आहे का?”

उभ्या जन्मात तिने तृप्तीला कधी ‘बोला’ म्हटलं नव्हतं. तृप्तीच्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली. मी पाहिली ती वाट. मला आता कळतं. त्यातलं एकही, हवं तेव्हा, जिन्यात, तिच्याकडे नव्हतं.

“आहे,” ती म्हणाली.

“किती?”

“दोन किलो.”

“देठं काढून आणायची. नीट वाळवून आणायची. ओली असली की यंत्रात बसते, मग आमालाच निस्तरावं लागतं. सोमवारनंतर या. गर्दी असती, नंबर लावावा लागंल.”

“लावते,” तृप्ती म्हणाली, पण फोन ठेवला गेला होता.

तिने कानामागची टिकली काढून गुळाच्या रिकाम्या पुडीत ठेवली आणि समोरच्या रिक्षावाल्याला विचारलं, “भाऊ, इथे सुकी मिरची कुठे मिळेल?”